बिनदाताचं ढोर

माझ्या जनावराला दात नव्हते, यात माझा काही दोष नव्हता. चिठ्ठीच तशी निघाली होती.

इंटरनेटवर आमचा एक गट आहे. कोणी पोलंडचा, कोणी ब्राझीलची, कोणी केरळातला, आणि अकोल्याची मी. मी एका शिकवणी वर्गात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. दिवसभर तेच ते प्रश्न सोडवून घेतले की संध्याकाळी डोक्याला दुसरं काहीतरी लागतं. लोक मालिका बघतात, मी जनावरं बनवते. पृथ्वीचा इतिहास कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या वळणावर वेगळा वळला असता तर पुढे कोणकोणते प्राणी झाले असते, हे ठरवायचं, असा आमचा उद्योग. नकाशा आमचा, हवामान आमचं, झाडं आमची, आणि त्यात हिंडणारे प्राणी प्रत्येकाने वाटून घेतलेले. काकांनी एकदा विचारलं होतं, "याची परीक्षा गिरीक्षा असते का?" नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की माझंच मला वाईट वाटलं.

त्या खेपेला माझ्या वाट्याला एक शाकाहारी सरपटणारा प्राणी आला. म्हशीएवढा, दलदलीच्या काठाने राहणारा, डायनोसॉरांच्या काळातला म्हणावा असा. त्याचा पूर्वज मात्र चिठ्ठ्या टाकून ठरायचा, आणि मला निघाला तो कासवासारख्या तोंडाचा, नुसत्या चोचीचा. आमच्या जगाचा एक कडक नियम होता: उत्क्रांतीत एकदा गेलेले दात परत येत नाहीत. मी भांडून पाहिलं. पोलंडवाला ढिम्म. म्हणजे पाला, साली, कंद असलं सगळं दातांवाचून खाणारं धूड मला उभं करायचं होतं.

एरवी मला यात मजाच वाटली असती. पण त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमाराला, अमरावतीला माझ्या बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं.

बाबा संत्र्याचे बागवान. बाग मोर्शीच्या अलीकडे, घर अमरावतीत, आणि खिशात जन्मभर सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी. त्या पुडीने शेवटी डाव साधला. डॉक्टरांनी एका बाजूचा खालचा जबडा काढला, आणि किरणांचा शेक देण्याआधी उरलेसुरले दातही काढून टाकावे लागले. रोग गेला, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो, पेढे वाटले, आणि पेढे वाटताना कोणाच्याच लक्षात आलं नाही की घरातला एक माणूस पेढा खाऊ शकत नाही.

त्यांचं बोलणं जड झालं. मला आणि आईला कळायचं, बाकीच्यांना नाही. पातळ अन्न द्यायची नाकातली नळी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, आता सगळं तोंडाने खायचं, पातळ असो की मऊ, पण पोटभर. वजन भरलं पाहिजे. नाही भरलं तर नळी परत घालावी लागेल. बाबांनी मान हलवली. घरी आले, आईने ताकातल्या ज्वारीच्या कण्या मिक्सरमधून काढून दिल्या, आणि ते वाटी घेऊन मागच्या खोलीत गेले. आतून कडी लावली.

तेव्हापासून तेच चाललं होतं. खाताना त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून थोडं बाहेर यायचं, हनुवटीवर ओघळायचं. ते कोणी पाहू नये म्हणून कडी. आणि आत ठसका लागला तर कळावं म्हणून आई बाहेर दाराला कान लावून उभी. ती बसायचीसुद्धा नाही. ते बाहेर आले की मग हिचं जेवण, पार गारढोण झालेलं. वाटीत निम्मंअर्धं तसंच राहिलेलं असायचं. बाबा म्हणजे पंगतीत आग्रह करकरून लोकांना जिवावर आणणारा माणूस. लग्नात पाहुण्याच्या ताटावर हात आडवा आला तर हा तो हात धरून वाढायचा. तोच माणूस आता दारात कोणी पाहुणा दिसला की दुपट्टा नाकापर्यंत ओढून घ्यायचा. मला त्यांची दया येत नव्हती, राग येत होता. इतका राग की बडनेऱ्याला गाडीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना झापत यायचे.

दर शनिवारी मी अकोल्याहून यायचे आणि येताना चित्रं काढायची टॅब्लेट घेऊन यायचे. पण ते जनावर मी बाबांपासून लपवत होते. त्यांना वाटेल पोरीने आपलंच चित्र काढलं, ही भीती. एका रविवारी सकाळी मी पडवीत बसून त्याची चोच रंगवत होते आणि बाबा मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

"हे का होय?"

"काही नाही बाबा. गटाचं काम आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. "दात कुठी हायेत याचे?"

"नाहीत."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

बाबा समोरची खुर्ची ओढून बसले. "मंग खाते कसं?"

मी कशीबशी सांगायला लागले. चोचीने तोडतं, न चावता गिळतं. पोटात खडे असतात, काही पक्ष्यांच्या असतात तसे, त्यांनी दळलं जातं. मग लांबच लांब आतडं. बाबा ऐकत होते, वर्गातली पहिल्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकत नाहीत इतकं लक्ष देऊन.

"आन् गिळाच्या आंधी?" त्यांनी विचारलं.

"आधी काय?"

"आंधी भिजवा लागते नं बेटा. आपन बैलाले ढेप देतो, सरकी देतो, कोरडी देतो का? भिजवून देतो. कोरडं घशात फसते." हे म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

अशी माझ्या जनावराच्या गळ्याखाली थैली आली. तोडलेला पाला त्या थैलीत भरायचा, वर दलदलीचं पाणी प्यायचं, ते ओझं घेऊन निवांत पडून राहायचं, आणि मऊ झालं की गिळायचं. गटाला कल्पना आवडली. पोलंडवाल्यानेसुद्धा अंगठा दाखवला. मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याच्याकडे ढोरं हायेत का?"

तिथून पुढे ते आमचं दोघांचं ढोर झालं. अर्थात बाबांच्या सगळ्याच सूचना घेण्यासारख्या नव्हत्या. शाकाहारी जनावर म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बैल उभा राहतो, त्याला इलाज नाही. त्यांना त्याला वशिंड हवं होतं. शिंगं हवी होती, आणि ती गोल वळणाची. शेण कसं पडतं, बागेला चालेल का, याचीही चौकशी झाली. "दूध किती देते?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"सरपटणारे प्राणी दूध देत नाहीत बाबा. अंडी घालतात."

"मंग पाळाचं काहून?"

"पाळायचं नाहीये!"

"अस्सं," ते म्हणाले, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांच्या मनातली त्या जनावराची किंमत एकदम निम्म्यावर आली. पण पुढच्या शनिवारी मी जोडे काढते न काढते तोच त्यांनी विचारलं, "ढोराचं का झालं?" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आवो, तिले पानी तं पिऊ द्या!" मला त्या जनावराचे उपकार वाटले. ऑपरेशनपासून बाबांनी दुसऱ्या कशाबद्दल कोणालाच काही विचारलं नव्हतं.

जेवणाचं मात्र होतं तिथेच होतं. कडी, दार, दाराशी आई. तपासणीला गेलो तर वजन उलट घसरलेलं. डॉक्टर फार बोलले नाहीत. पुढच्या तपासणीपर्यंत बघू, एवढंच म्हणाले आणि नळीच्या चिठ्ठीसारखं काहीतरी लिहिता लिहिता थांबले. परतताना ऑटोत बाबा बाहेर पाहत होते. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वण उठला.

त्यानंतरच्या रविवारी आमचं वाजलं. जनावराच्या वागणुकीचं पान लिहायचं राहिलं होतं. कळप किती मोठा, चरायला कधी निघतो, असं सगळं. मी वाचून दाखवत होते.

"हे एकटं खाते," बाबा मध्येच म्हणाले.

"एकटं नाही बाबा. चरणारी जनावरं कळपात खातात."

"बाकीचे खात असतीन. हे झाडामागं जाते. खाल्लं का येते वापस."

"का पण?"

"त्याच्या तोंडातून गयते, सांडते. बाकीचे पाह्यते."

खरं तर मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मी माझ्या बापाचीच मुलगी. "जनावरं असं पाहत नाहीत!" मी म्हणाले. "आणि मान खाली घालून एकटं खाणारं जनावर जगतच नाही. मागून काही आलं तर पाहणार कोण? कळपात म्हणूनच खातात. चार खातात, एक मान वर करून बघतं. एकटं गेलं की मेलंच समजा."

"मेलं तं मरू दे!" बाबा ताडकन उठले. "गुरुप गेलं तुहं चुलीत!"

मागच्या खोलीची कडी वाजली. जेवणाची वेळही नव्हती. आई आली आणि तिने मलाच धारेवर धरलं. "जनावरावरून कोनी बापाशी भांडते का वं? तेबी नसलेल्या जनावरावरून?" मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मेलंच समजा, हे शब्द माझ्याच तोंडून निघाले होते.

त्या जनावराचं गटात काय झालं ते इथेच सांगून टाकते. मी बाबांच्या मनासारखं लिहिलं: थकलेली जनावरं एकटी खातात. ब्राझीलवालीने लगेच विचारलं, मग त्यांची राखण कोण करतं? तेवढी ओळ कोरी ठेवून जनावर आमच्या जगात घेतलं गेलं आणि अजून ते तिथे हिंडतं आहे.

आईने ऑपरेशनच्या वेळी बागेच्या बांधावरल्या देवाला रोडग्यांचा नवस बोलला होता. संक्रांत उलटली, आंबिया बहाराची पांढरी फुलं फुटायला लागली, तेव्हा तो फेडायचं ठरलं. आमच्याकडे रोडगे म्हणजे शेतातलं जेवण. कणकेचे थरावर थर देऊन केलेले मूठभर गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, आणि वरण-तूप ओतून हाणायचे. सोबत वांग्याची भाजी. भावकी सगळी बोलवायची. भाजण्याचं काम बाप्यांचं, त्यात बायांनी बोलायचं नाही. यंदा ते काम काकांकडे होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बाग तेच पाहतात.

बाबा आले, पण जेवायला नव्हे, बाग पाहायला आलेल्या मालकासारखे. दुपट्टा गुंडाळून झाडं पाहत हिंडत राहिले. त्यांच्यासाठी आईने डब्यात वेगळं पातळ करून आणलं होतं. विहिरीच्या मागे जाऊन ते खायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

रोडगे भाजून झाले आणि कळलं की आत्या अजून पोचली नाही. आत्या बाबांची थोरली बहीण, वरूडला दिलेली. तिची जीप संत्र्याच्या ट्रकांमागे अडकली होती. नवसाच्या जेवणात घरची लेक आल्याशिवाय पंगत बसत नाही. मग काकांनी डोकं चालवलं. रोडगे गार होऊ नयेत म्हणून त्यांनी ते सगळेच्या सगळे परत निखाऱ्यात पुरले, वरून दोन गोवऱ्या जास्तीच्या लावल्या, आणि संत्र्याच्या भावावरून कोणाशी तरी वाद घालत बसले.

आत्या आली, पाया पडून झालं, बाप्यांची पंगत बसली. काकांनी पहिला रोडगा फोडायला घेतला. तो फुटेना. गुडघ्यावर दाबला, फुटेना. दुसरा त्याच्यावर आपटला तर विटेवर वीट आपटावी तसा आवाज आला.

"अरे बाप्पा," पंगतीतून कोणीतरी म्हणालं, "हे खाचं का घराले लावाचं?"

एकाने तरीही जिद्दीने दात मारला आणि जबडा धरून बसला. बाजूला उभ्या आत्याने शांतपणे तोंडातली कवळी काढून पदराच्या गाठीत बांधली. "माह्यं तं आजचं जेवन झालं," ती म्हणाली. काका लालबुंद. अख्खी पंगत समोर, भाजी पानात, आणि खायला एक घास नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. नवसाचं अन्न वाया जाणं तिला अपशकुनासारखं होतं, आणि तो नवस कशासाठी होता ते तिलाच माहीत होतं.

तेवढ्यात विहिरीकडून बाबांचा आवाज आला. काय म्हणाले ते कोणालाच कळलं नाही.

"भाऊ का म्हन्ते?" काकांनी मला विचारलं.

"कुटा म्हणतात," मी म्हणाले. "फडक्यात बांधून दगडाने कुटा."

बाबा पुन्हा ओरडले. मी पुन्हा सांगितलं, "वरणाचा गंज चुलीवर ठेवा. उकळतं पाहिजे." तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत ते स्वतःच तरातरा आले. काकांच्या हातून त्यांनी दगड घेतला, फडक्यातल्या रोडग्यांचा पार चुरा केला, तो परातीत पसरला, वर उकळतं वरण ओतलं आणि दुसरी परात झाकण घातली. काका झाकण उचलायला गेले तर त्यांच्या हातावर चापट मारली.

"भिजू दे! घाई काहून करून राह्यला?"

हे मात्र सगळ्यांना कळलं.

अख्खी पंगत ते भिजायची वाट पाहत बसली. बाबा परातीशेजारी उकिडवे, मध्येच एक बोट घालून पाहत. दुपट्टा केव्हाच खांद्यावर घसरला होता, त्यांच्या लक्षात नव्हतं. मी पाहत होते आणि ओठ घट्ट मिटून होते. एक शब्द बोलले असते तर ते उठून गेले असते.

परात उघडली तेव्हा आत मऊ, पिवळा लगदा झाला होता. आई वाढायला लागली. वर तूप, शेजारी गुळाचा खडा. चावायचं काही नव्हतंच. बोटांनी कालवायचं आणि ओरपायचं. ओरपायला लागले की सगळ्यांचंच ओघळतं. काकांच्या मिशीला वरण लागलं, कोपरापर्यंत ओघळ आले, एकाचा सदरा खराब झाला. रोडग्याला नावं ठेवणारे आता तोंड वर करत नव्हते.

"भाऊ, तू नाई बसत?" काकांनी मान वर न करताच विचारलं आणि सरकून जागा केली.

बाबा डब्याच्या पिशवीकडे पाहत उभे राहिले. मग बसले. आईने त्यांच्या पानात वाढलं. त्यांनी कालवलं, घास घेतला, मान थोडी तिरकी करून गिळला. हनुवटीवर ओघळ आला. त्यांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. दुसरा घास घेतला. मग तिसरा. मी विहिरीच्या कठड्याशी उभी राहून त्यांचा एकेक घास पोटात जाताना पाहत होते, आणि आयुष्यात मला इतका आनंद कशानेच झाला नव्हता.

पान संपलं. बाबांनी ते पुढे केलं. "वाढ," ते आईला म्हणाले. "आन् तुपात कंजूसपना करून राह्यली का?"

आईने वाढलं. इतकं वाढलं की पानाबाहेर गेलं. मग ती पंगतीत पुढे न जाता तिथेच उभी राहिली, त्यांच्या घशाकडे बघत, ठसका लागतो की काय म्हणून, रोजच्यासारखी. बाबांनी घास खाली ठेवला आणि आत्याकडे वळून काहीतरी म्हणाले.

"का म्हन्ते हा?" आत्याने मला विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी सांगायला गेले आणि माझ्या घशातून आवाजच निघेना. पहिल्यांदाच असं झालं की बाबांचं बोलणं मला कळलं होतं आणि मी ते कोणाला सांगू शकत नव्हते. बाबांनी मग स्वतःच परत म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं.

"ओगराळं तू घे, बाई. हिले बसू दे. लय दिवस उभी राह्यली."

बायांची पंगत नंतर असते. पण आत्याने आईच्या हातून ओगराळं काढून घेतलं, काका आणखी सरकले, आणि आई पदर सावरत बाबांच्या शेजारी मातीतच बसली. आत्याने तिच्या पुढ्यात पान ठेवलं आणि वाढलं. आईने घास उचलला, आणि ओठांशी नेऊन परत खाली घेतला. त्याच्यावर फुंकर घालावी लागली, इतका तो गरम होता.